दोषशोधकाची छाटणी

सुरत शहराच्या दक्षिणेकडील बमरोली आणि तिच्या शेजारचे पांडेसरा, उधना हे भाग यंत्रमागांसाठी प्रसिद्ध आहेत. धुळे, जळगाव, नंदुरबार या जिल्ह्यांतून उदरनिर्वाहासाठी गेलेली अनेक मराठी कुटुंबे या परिसरात स्थायिक झाली असून कृत्रिम धाग्याच्या कापडाच्या या व्यवसायात त्यांच्या श्रमाचा वाटा मोठा आहे. यंत्रमागाच्या शेडमध्ये पाऊल टाकणाऱ्या नवख्या माणसाचे कान प्रथम आवाजाने बधिर होतात. अनुभवी कामगाराचे लक्ष मात्र आवाजाकडे नसते. एखाद्या मागाचा आवाज बंद पडला की ते तत्काळ तिकडे वळते. धागा तुटला, माग थांबला, एवढा अर्थ त्याला न सांगता कळतो.

माग आपोआप कसा थांबतो, हे पाहण्यासारखे आहे. धोट्याच्या जुन्या मागावर बाण्याचा धागा जागेवर आहे की नाही हे तपासणारा एक लहानसा काटा असतो. धागा असेल तर त्याच्या ताणाने काटा कलतो आणि माग चालू राहतो. धागा नसेल तर काटा कलत नाही, हुकात अडकतो आणि माग बंद पडतो. पाण्याच्या झोताने बाणा फेकणाऱ्या मागावर, ज्याला कामगार वॉटरजेट म्हणतात, धोटाच नसतो आणि म्हणून हा काटाही नसतो. तेथे पाण्याने भिजलेला धागा दोन विद्युत्-टोकांपर्यंत पोहोचला की सूक्ष्म प्रवाह वाहतो. प्रवाह वाहिला नाही तर धागा पोहोचला नाही असे समजून माग थांबतो. हेतू दोन्हीकडे एकच. साधन मात्र मागाच्या जातीप्रमाणे निराळे. शेडचा मालक जुने माग विकून वॉटरजेट बसवितो तेव्हा जुन्या मागाचा काटा नव्या मागावर ठेवून देत नाही, कारण तो डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो आणि मध्ये अडथळा करतो.

संगणकाच्या क्षेत्रात मात्र असे जुने काटे वर्षानुवर्षे नव्या यंत्रावर राहून जातात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. ते शोधून काढून टाकणे हे एक स्वतंत्र आणि जोखमीचे काम आहे, आणि या कामाचे एक बोधप्रद उदाहरण पुण्याशी निगडित आहे. त्याची ओळख करून देण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

थांबा आणि तपासा

संगणकाला द्यावयाच्या सूचनांच्या क्रमवार मालिकेस आज्ञावली म्हणतात आणि त्या सूचना प्रत्यक्षात पार पाडणाऱ्या भागास प्रोसेसर. प्रोसेसर एका क्षणात कोट्यवधी आज्ञा पार पाडतो. आज्ञावलीत कोठे चूक राहिली असेल तर ती धावत्या यंत्रात पकडणे माणसाला अशक्य होय. यासाठी जे साधन वापरतात त्याला डिबगर, म्हणजे दोषशोधक, असे नाव आहे. दोषशोधक आज्ञावलीतील ठरविलेल्या जागी एक 'थांबा' बसवितो. प्रोसेसर त्या थांब्यावर आला की थबकतो. मग तपासनीस आपल्या सवडीने स्मृतीतील मजकूर वाचू शकतो, कोणत्या कप्प्यात कोणती संख्या आहे ते पाहू शकतो आणि पुढे एकेक आज्ञा, जणू एकेक पाऊल, चालवून चूक कोठे घडते ते हेरू शकतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिलेला जीडीबी हा दोषशोधक आजही जगभर वापरात आहे.

एखादी साधी आज्ञावली थांबविणे तुलनेने सोपे असते, कारण तिला थांबविणारी आणि पुन्हा चालू करणारी एक वरिष्ठ व्यवस्था संगणकात हजर असते. ही व्यवस्था म्हणजे संचालन प्रणाली आणि तिचा केंद्रभाग म्हणजे कर्नल. (लष्करातील कर्नलाशी या शब्दाचा काहीही संबंध नाही, येथे त्याचा अर्थ फळाच्या आतील गर किंवा गाभा असा आहे.) लिनक्स या प्रणालीचा गाभा फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहावयास घेतला. आज खेड्यापाड्यांत ज्याच्या-त्याच्या खिशात दिसणारे अँड्रॉइड फोन याच गाभ्यावर चालतात. पण या गाभ्यातच चूक असेल तर काय करावयाचे? गाभा थांबला की संगणकच थांबला. मग तपासणार कोण आणि कशाच्या आधारे?

या प्रश्नाचे उत्तर म्हणून दोन संगणक घेतात. एकावर ज्याची तपासणी करावयाची तो गाभा चालतो. दुसऱ्यावर जीडीबी हा दोषशोधक चालतो. दोहोंमध्ये तार जोडलेली असते. पहिल्या संगणकाच्या गाभ्यातच एक छोटा प्रतिनिधी बसविलेला असतो. गाभा थांबला की हा प्रतिनिधी तेवढा जागा राहतो आणि तारेवरून आलेल्या प्रश्नांना उत्तरे देतो. प्रश्नोत्तरांची भाषा अगदी साधी आहे. प्रत्येक निरोप डॉलरच्या चिन्हाने सुरू होतो; शेवटी सर्व अक्षरांच्या अंकमूल्यांची बेरीज करून तिला २५६ ने भागल्यावर उरणारी बाकी जोडलेली असते. ती बाकी जुळली तर समोरचा अधिक चिन्ह पाठवितो, न जुळल्यास वजा चिन्ह. पोस्टाच्या रजिस्टर पत्राची पोचपावती जशी, तसाच हा प्रकार. या प्रतिनिधीला केजीडीबी असे नाव आहे.

पुण्यातील प्रयत्न

केजीडीबीचा वंश बराच जुना आहे. जिम किंग्डन, डेव्हिड ग्रोथी, तिग्रान ऐवाझियान अशा अनेकांचा हात त्याच्या आरंभीच्या स्वरूपास लागला. पुढे अमित काळे या मराठी संगणकतज्ज्ञाने त्याची जबाबदारी घेतली. केजीडीबीच्या मुख्य फाइलीच्या शीर्षभागी २००० ते २००१ या काळासाठी व्हेरिटास सॉफ्टवेअर या कंपनीचे नाव आहे, तर २००४ ते २००६ या काळासाठी पुण्याच्या लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज या कंपनीचे. अमेरिकेतील टॉम रिनी व जॉर्ज अँझिंजर, चेक प्रजासत्ताकातील पावेल माखेक यांच्यासारखे लोक पत्रव्यवहाराने या कामात सामील होते.

परंतु हे सारे काम लिनक्सच्या अधिकृत गाभ्याच्या बाहेर होते. ज्याला केजीडीबी हवा असेल त्याने तो वेगळा आणून आपल्या गाभ्यावर चढवावा, अशी स्थिती होती. गाभ्याची नवी आवृत्ती निघाली की जुनी जोडणी जुळेनाशी होई आणि ती पुन्हा जुळविण्याची मेहनत पुन्हा पुन्हा करावी लागे. अधिकृत प्रवेश का मिळत नव्हता? एक कारण तत्त्वाचे होते. टोरवाल्ड्स यांनी २००० मध्येच आपले मत जाहीरपणे मांडले होते की गाभ्यात दोषशोधक दिल्याने माणसे विचार करण्याऐवजी वरवरची मलमपट्टी करू लागतात. हे मत सर्वांना पटले असे नाही, आणि पटावे असेही नाही. कोणतेही हत्यार आळशी माणसाच्या हाती पडू शकते म्हणून ते कोणालाच देऊ नये, हा न्याय थोडा कठोरच म्हटला पाहिजे. दुसरे कारण मात्र रास्त होते. केजीडीबी अवजड झाला होता. गाभ्याच्या ठिकठिकाणी त्याचे हात शिरले होते आणि प्रत्येक प्रोसेसरसाठी त्याचा स्वतंत्र भाग वाढत चालला होता.

प्रोसेसरनिहाय भाग कशासाठी

हा स्वतंत्र भाग मुळात हवाच, हे आधी समजून घेतले पाहिजे. थांबा बसविणे म्हणजे आज्ञावलीतील मूळ आज्ञा उचलून तिच्या जागी 'थांब' या अर्थाची आज्ञा ठेवणे. इंटेल जातीच्या प्रोसेसरवर ही आज्ञा फक्त एका बाइटची असते, तर एआरएम आणि मिप्स या जातींवर केजीडीबी चार बाइटांची वापरतो. इंटेल जातीच्या प्रोसेसरवर थांब्यावर थबकल्यानंतर प्रोसेसरचा दर्शक थांब्याच्या एक घर पुढे गेलेला असतो. त्याला एक घर मागे आणल्याशिवाय पुढील हिशेब चुकतो. ३२ बिटांच्या इंटेल जातीत सामान्य वापराची रजिस्टरे आठ आहेत, ६४ बिटांच्या जातीत सोळा. एकेक आज्ञा चालविण्याची सोय इंटेल जातीत प्रोसेसरमध्येच आहे, तर काही जातींत ती मुळीच नाही. तेथे पुढच्या आज्ञेवर तात्पुरता थांबा बसवून काम भागवावे लागते. धोट्याच्या मागाला काटा आणि वॉटरजेटला विजेची टोके, तशातलाच हा भेद होय.

तेव्हा दोषशोधकाचे दोन भाग पडतात. तार सांभाळणे, निरोप वाचणे, थांब्यांची यादी ठेवणे हा सर्वांना समान असा भाग. थांब्याची आज्ञा, रजिस्टरांचा क्रम, एकेक पाऊल चालविण्याची रीत हा प्रोसेसरनिहाय भाग. खरा गोंधळ होतो तो या दोहोंची सीमा पुसट झाली म्हणजे.

नव्या प्रोसेसरसाठी भाग लिहिणारा मनुष्य कोऱ्या कागदावर सुरुवात करीत नाही. तो आधीच्या एखाद्या प्रोसेसरचा भाग उतरवून घेतो आणि त्यात बदल करतो. उतरवून घेताना त्याला न लागणाऱ्या ओळीही सोबत येतात. 'असू द्यात, काढल्या तर काही बिघडेल' असे तो म्हणतो. कचेरीत नवा लिपिक जुन्याच्या मसुद्यावरून पत्र तयार करतो आणि ज्याचा विषयाशी संबंध नाही असा एखादा संदर्भ क्रमांकही निमूटपणे उतरवितो, तीच ही वृत्ती. दहा प्रोसेसर झाले की त्या अनावश्यक ओळींच्या दहा प्रती झालेल्या असतात. त्यांतील एका प्रतीत चूक सापडून ती दुरुस्त झाली तरी उरलेल्या नऊ प्रतींत ती तशीच राहते.

निरुपयोगी ओळ निरुपद्रवी असतेच असे नाही

सामान्य आज्ञावलीत एखादी निरुपयोगी ओळ पडून राहिली तर फारसे नुकसान होत नाही. दोषशोधकाची गोष्ट वेगळी आहे. तो जागा होतो तेव्हा सारा गाभा थिजलेला असतो. संगणकात अनेक प्रोसेसर असतील तर एकाला दोषशोधकाने ताब्यात घेतलेले असते आणि बाकीच्यांना जागच्या जागी थोपवून धरलेले असते. एरवी ज्या सेवा हक्काने मागता येतात त्यांतील बहुतेक या वेळी मागता येत नाहीत. एखादे कुलूप दुसऱ्या प्रोसेसरने लावलेले असेल आणि दोषशोधकाने ते उघडण्याची वाट पाहिली तर तो कायमचा वाट पाहत राहील, कारण कुलूप लावणारा स्वतःच थोपविलेला आहे. शिवाय दोषशोधकाच्या आतच थांबा लागला तर दोषशोधक दोषशोधकालाच हाक मारू लागतो. या आपत्तीसाठी केजीडीबीमध्ये वेगळी तपासणी ठेवावी लागली आहे.

म्हणून अशा साधनातील प्रत्येक ओळ आपल्या असण्याचे कारण देऊ शकली पाहिजे. जी ओळ कधी चालतच नाही तिची परीक्षाही कधी होत नाही, आणि जी वर्षातून एकदाच चालते ती नेमकी संकटाच्या वेळी चालते.

यातून उद्भवणारा आणखी एक त्रास कमी लेखला जातो. चूक शोधणारा मनुष्य कोड वाचतो तेव्हा तेथील प्रत्येक ओळ हेतुपूर्वक लिहिलेली आहे असे गृहीत धरतो. निरुपयोगी ओळीचा हेतू शोधण्यात त्याचे तास जातात. हा खर्च कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

२००८ : हलके झाल्यावर प्रवेश

केजीडीबीला वाट मिळाली ती अखेर छाटणीनेच. २००४ च्या सुमारासच समान भाग, प्रत्येक प्रोसेसरचा भाग आणि तारेचा भाग अशी निरनिराळी मांडणी होऊ लागली होती, आणि जेसन वेसल यांनी पुढे ते काम नेटाने चालविले. मध्यंतरी लिनक्सच्या गाभ्यातच एक मोठा बदल झाला. इंटेल जातीच्या ३२ बिटांच्या आणि ६४ बिटांच्या प्रोसेसरांसाठी जे दोन वेगळे विभाग होते ते जानेवारी २००८ च्या २.६.२४ या आवृत्तीत एकत्र करण्यात आले. जुळ्या भावांसाठी दोन स्वतंत्र शिधापत्रिका ठेवण्याचा प्रकार त्यामुळे संपला, आणि केजीडीबीलाही या दोन जातींसाठी एकच फाइल पुरेशी ठरली.

२००८ च्या प्रारंभी इंगो मोल्नार यांनी केजीडीबीची 'हलकी' म्हणून ओळखली गेलेली आवृत्ती पुढे केली. ज्या ज्या गोष्टींवर वाद होता त्या तिच्यातून बाजूला काढल्या होत्या. नेटवर्कच्या तारेवरून तपासणी करण्याची सोय बाहेरच राहिली. गाभ्याच्या इतर भागांत शिरलेले हात आखूड करण्यात आले. या स्वरूपात केजीडीबीचा समावेश १३ जुलै २००८ रोजी प्रसिद्ध झालेल्या लिनक्स २.६.२६ या आवृत्तीत झाला. तेथवर पोहोचण्यास जी वर्षे लागली त्यांत साधनाची उपयुक्तता सिद्ध करण्यापेक्षा त्याचा भार कमी करण्यातच अधिक श्रम खर्ची पडले असावेत, असे दिसते.

समान भागात या वेळी एक उपयुक्त रीत अवलंबिली होती. प्रोसेसरने जी कामे करावीत अशी अपेक्षा असते त्यांपैकी बऱ्याच कामांची एक सर्वसाधारण आवृत्ती समान भागातच देऊन ठेवली आहे. एखाद्या प्रोसेसरला ती चालत असेल तर त्याने काहीच लिहावयाचे नाही. न चालल्यास आपली स्वतंत्र आवृत्ती द्यावयाची, म्हणजे सर्वसाधारण आवृत्ती आपोआप मागे पडते. शासनाचा सर्वसाधारण नियम असावा आणि एखाद्या जिल्ह्याला खास गरज असेल तरच तेथे वेगळा आदेश निघावा, तशी ही व्यवस्था आहे. या रीतीमुळे 'काहीही न करणाऱ्या' अशा कित्येक रिकाम्या ओळी प्रोसेसरनिहाय भागांतून काढून टाकता येतात.

दोन कप्प्यांची हकिगत

२०१० मधील एक छोटी छाटणी येथे सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण निरुपयोगी ओळ म्हणजे नेमके काय ते तिच्यावरून स्पष्ट होते. इंटेल जातीच्या भागात दोन कप्पे ठेवले होते. प्रोसेसर कोणत्या कारणाने थांबला त्याचा क्रमांक एकात, आणि त्यासोबत आलेला त्रुटी-क्रमांक दुसऱ्यात. हे दोन आकडे त्या कप्प्यांत नोंदविण्यासाठी एक स्वतंत्र उपक्रिया लिहिली होती, आणि ती बोलाविता यावी म्हणून समान भागातही एक दुवा ठेवला होता. सकृद्दर्शनी सारे व्यवस्थित. प्रश्न एवढाच होता की हे कप्पे उघडून पाहतो कोण?

कोणीच नाही. तीच माहिती समान भागातील मुख्य नोंदीत आधीच लिहिलेली होती, आणि ज्याला हवी त्याला ती तेथून मिळत होती. एका कचेरीत आवक नोंदवहीत पत्र चढविल्यावर तेच पत्र दुसऱ्या वहीत चढविण्यासाठी एक कारकून नेमावा, आणि ती दुसरी वही वर्षभरात कोणी मागू नये, असा हा प्रकार होता. जेसन वेसल यांनी ती उपक्रिया आणि तिचे सर्व उल्लेख काढून टाकले. छाटणी अवघ्या काही ओळींची. त्यामुळे संगणक वेगवान झाला नाही, कोणाला नवी सोयही मिळाली नाही. पण थांबण्याच्या त्या नाजूक क्षणी घडणारी एक अनावश्यक क्रिया कमी झाली आणि प्रोसेसरनिहाय भाग व समान भाग यांच्यातील एक निरर्थक दुवा तुटला.

त्याच वर्षी झालेला दुसरा बदल अधिक मोलाचा होता. इंटेल जातीच्या प्रोसेसरमध्ये थांब्यांसाठी चार खास रजिस्टरे असतात. आज्ञा न बदलता, केवळ पत्ता नोंदवून, तेथे थांबा लावता येतो. केजीडीबी या चार जागा थेट स्वतःच भरीत असे. याच चार जागा साध्या आज्ञावल्यांचे दोषशोधकही वापरतात. दोघांनी एकाच वेळी एकच जागा धरली तर एकाचा थांबा दुसऱ्याच्या नकळत पुसला जाणार, हे उघड आहे. २०१० मध्ये लिनक्समध्ये या जागांचे वाटप करणारी एक समान व्यवस्था आली आणि केजीडीबीने आपला हट्ट सोडून तिच्याकडे रीतसर मागणी करावयास सुरुवात केली. एसटीच्या गाडीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याऐवजी आरक्षण करावे, तसे हे झाले.

जे निरुपयोगी दिसते पण नसते

याचा अर्थ दिसेल ती ओळ कापीत सुटावे असा मुळीच नाही. या बाबतीत नवशिक्याची फसगत कशी होते हे एका उदाहरणावरून कळेल.

प्रोसेसर आज्ञा वाचताना त्यांची एक प्रत आपल्या जवळच्या छोट्या साठ्यात ठेवतो, म्हणजे त्याला दर वेळी दूरच्या स्मृतीकडे धाव घ्यावी लागत नाही. थांबा बसविला की स्मृतीतील आज्ञा बदलते. पण जवळच्या साठ्यातील प्रत जुनीच राहिली तर प्रोसेसर जुनी आज्ञा पार पाडून थांब्यावरून निघून जाईल. इंटेल जातीचे प्रोसेसर ही जुळवाजुळव स्वतःच करतात. एआरएम, पॉवरपीसी, मिप्स या जातींत मात्र ती आज्ञावलीने सांगून करवून घ्यावी लागते. म्हणून केजीडीबीच्या समान भागात थांबा बसविल्यानंतर 'जवळचा साठा ताजा करा' अशी एक सूचना आहे. इंटेल जातीवर ती काहीच करीत नाही. आता एखाद्याने केवळ इंटेलचा संगणक समोर ठेवून चाचणी घेतली, ती ओळ काढली, सर्व काही पूर्ववत चालते असे पाहिले आणि छाटणी पाठवून दिली, तर काय होईल? एआरएमवर थांबा कधी लागेल, कधी लागणार नाही. अशी कधी दिसणारी, कधी न दिसणारी चूक सर्वांत वाईट. आणि येथे तर ती चूक शोधण्याच्या साधनातच शिरलेली असेल.

उलट बाजूही आहे. प्रोसेसरनिहाय भाग नेहमी कमीच होत जातो असे नाही. सुरक्षिततेसाठी गाभ्यातील आज्ञांची स्मृती 'फक्त वाचनासाठी' राखून ठेवण्याची सोय आली तेव्हा इंटेल जातीवर केजीडीबीला थांबाच लिहिता येईना. २०१२ मध्ये त्यासाठी इंटेलच्या भागात नव्या ओळी घालाव्या लागल्या. गरज होती, म्हणून त्या घातल्या गेल्या.

छाटणीची रीत

लिनक्सच्या गाभ्यात बदल करावयाचा असल्यास त्याचे एक शुद्धिपत्रक तयार करतात. काढावयाच्या ओळींपुढे वजा चिन्ह आणि घालावयाच्या ओळींपुढे अधिक चिन्ह असते, आणि वर बदलाचे कारण साध्या वाक्यांत लिहिलेले असते. हे कारण महत्त्वाचे. 'ओळ अनावश्यक आहे' एवढे म्हणून भागत नाही. ती पूर्वी कशासाठी आली होती, कोणत्या बदलाने तिची गरज संपली आणि आता तिला कोणीही हाक मारीत नाही हे कसे पाहिले, याचा खुलासा अपेक्षित असतो. ज्या प्रोसेसरचा भाग असेल त्याच्या देखभालकर्त्याकडे शुद्धिपत्रक जाते. निरनिराळ्या प्रोसेसरांसाठी गाभा पुन्हा बांधून पाहतात. केजीडीबीसोबत २००८ पासून एक चाचणी-संच दिलेला आहे. तो स्वतःच थांबे लावतो, एकेक पाऊल चालवितो आणि उत्तरे जुळतात का ते पाहतो. छाटणीनंतर हा संच चालविणे हे किमान कर्तव्य समजावे.

काढलेल्या ओळी नष्ट होत नाहीत, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. शासकीय अभिलेखांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते. अ वर्गातील कागद कायम जतन होतात, ड वर्गातील अल्प काळात नष्ट करतात, आणि एकदा नष्ट केलेला कागद परत येत नाही. म्हणून अभिलेख कक्षात कागद काढून टाकताना हात अडखळतो, आणि तो अडखळणे योग्यच आहे. लिनक्सच्या गाभ्याचा मात्र एप्रिल २००५ पासूनचा प्रत्येक बदल गिट या नोंदव्यवस्थेत तारीख व नाव यांसह जतन आहे. चुकून आवश्यक ओळ काढली गेली तर ती परत आणता येते. 'असू द्यात' म्हणण्याचे एक मोठे कारण त्यामुळे उरले नाही.

कधीकधी एखादा प्रोसेसरच काळाआड जातो. फेब्रुवारी २०१३ च्या लिनक्स ३.८ या आवृत्तीतून इंटेलच्या ३८६ या प्रोसेसरचा आधार काढून घेण्यात आला. टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये ज्या जातीच्या यंत्रावर लिनक्स लिहिले तीच ही जात. जून २०१८ च्या ४.१७ या आवृत्तीतून तर एकदम आठ प्रोसेसर-जाती वगळण्यात आल्या, कारण त्या वापरणारे व सांभाळणारे कोणी उरले नव्हते. त्यांत ब्लॅकफिन ही जात होती आणि तिच्यासाठी लिहिलेला केजीडीबीचा भागही तिच्याबरोबर गेला. बमरोलीच्या शेडमधून शेवटचा धोट्याचा माग भंगारात निघाला म्हणजे काट्यांचा डबाही निघतो, तसे.

विद्यार्थ्यांना संधी

हे काम परदेशातील मोठ्या प्रयोगशाळांतच होऊ शकते असा समज असल्यास तो चुकीचा आहे. दोन संगणक आणि तार यांचीही आता नेहमी गरज नसते. क्यूईएमयू नावाच्या विनामूल्य आज्ञावलीने एकाच साध्या संगणकात दुसरा, काल्पनिक संगणक उभा करता येतो, आणि तो इंटेलऐवजी एआरएम जातीचाही असू शकतो. वर सांगितलेली जवळच्या साठ्याची चूक मात्र अशा काल्पनिक यंत्रावर पकडली जाईलच याची खात्री नाही. तिच्यासाठी खरे यंत्र हवे. एरवी थांबा कसा बसतो, रजिस्टरे कशी वाचली जातात, रिकामी उपक्रिया काढल्यावर गाभा पुन्हा बांधला जातो की नाही, हे सर्व धुळ्याच्या तंत्रनिकेतनातील किंवा सुरतेच्या मराठी वस्तीतील विद्यार्थ्याला घरबसल्या करून पाहता येण्याजोगे आहे. लिनक्सच्या जगात नवख्यांचा प्रवेश बहुधा अशाच लहान सफाईच्या शुद्धिपत्रकांतून होतो. ज्या शिक्षकांना संगणक विषय शिकवावयाचा आहे त्यांनी विद्यार्थ्यांकडून नवी आज्ञावली लिहून घेण्याबरोबरच एखादी जुनी वाचून तिच्यातील कोणती ओळ कशासाठी आहे हे लिहून घेतल्यास तो अभ्यास वाया जाणार नाही.

केजीडीबीची मुख्य फाइल आज कोणालाही उघडून पाहता येते. २००३-०४ मध्ये पुण्यात लिहिलेल्या ओळींपैकी बऱ्याच पुढे बदलल्या गेल्या, काही समान भागात विरून गेल्या, काही छाटल्या गेल्या. फाइलीच्या शीर्षभागातील नामावलीत मात्र अमित काळे यांचे आणि लिनसिससॉफ्टचे नाव तसेच आहे.